आखातात इंग्रजीचा शिक्षक : परवाना कसा मिळतो, पैसा कोणी भरायचा

यंत्रमागाच्या गावांत गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. पूर्वी आखातात जायचे ते वेल्डर, सुतार, ड्रायव्हर, फार तर हिशेबनीस. आता मागवाल्यांच्या, शिंप्यांच्या, भांडीवाल्यांच्या घरांतही इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. झालेली आणि वर बी.एड. केलेली मुले-मुली आहेत. दुबई, शारजा, मस्कत, जेद्दा येथील शाळांच्या जाहिराती त्यांच्या हाती पडतात आणि मग वडील मंडळी ओळखीच्या माणसाला गाठतात, "भाई, हे खरे आहे का? किती मोजावे लागतील?"

आम्ही कापडाचे व्यापारी. आमची तालीम उर्दू माध्यमातली, आणि शिक्षण खात्याशी आमचा संबंध मुलांच्या फीपुरताच. परंतु कागदाशी आमचा रोजचा संबंध आहे. परदेशी माल पाठवताना इन्व्हॉइसवर चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का लागतो, त्यावर कधी वकिलातीचा लागतो, आणि एल.सी.मध्ये पार्टीच्या नावाचे एक अक्षर चुकले तर बँक पैसे अडवून ठेवते. माणसाच्या पदवीचेही नेमके असेच आहे. ज्याने एकदा निर्यातीची फाईल हाताळली आहे त्याला शिक्षकाची फाईल समजायला जड जाऊ नये. घरातल्या, शेजारच्या मुलामुलींच्या अशा फायली आम्ही जवळून पाहिल्या आहेत, म्हणून हे चार शब्द.

व्हिसा आणि काम करण्याची परवानगी

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. विमानतळावर आत सोडणारा कागद म्हणजे व्हिसा. त्या देशात पगार घेऊन काम करण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट. टुरिस्ट व्हिसा, व्हिजिट व्हिसा, नातेवाइकाला भेटण्याचा व्हिसा, उमराहचा व्हिसा यांपैकी कशावरही शिकवण्याची नोकरी करता येत नाही. उमराहच्या व्हिशावर जाऊन तिथेच काम पाहू, असा सल्ला देणारे अजूनही भेटतात. असा माणूस पकडला गेला तर दंड, कोठडी, हद्दपारी आणि पुढे काही वर्षे प्रवेशबंदी असे सगळे त्याच्या वाट्याला येऊ शकते. इबादतीसाठी मिळालेल्या परवान्यावर पोट भरण्याचा बेत करणे आम्हाला तसेही पटत नाही, पण कायद्याच्या हिशेबानेही तो तोट्याचा सौदा आहे.

संयुक्त अरब अमिरातीने ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा अधिक कडक केला. परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठेवला आहे. तेव्हा "आधी व्हिजिटवर या, दोन महिने शिकवा, मग व्हिसा लावू" असे म्हणणारी संस्था ही एकतर अडाणी आहे किंवा लबाड आहे. मुलाखतीला व्हिजिटवर जाणे निराळे. पण वर्गात उभे राहून शिकवणे सुरू झाले की ते काम झाले.

योग्य रस्ता असा : शाळा आधी मुलाखत घेते, नेमणुकीचा प्रस्ताव देते, त्यावर उमेदवाराची सही होते. मग शाळा आपल्या नावाने तिथल्या मजूर मंत्रालयाकडून परवानगी काढते. ती मिळाल्यावर प्रवेशपत्र येते. माणूस तिथे उतरल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, ओळखपत्र आणि शेवटी निवासाचा परवाना, ज्याला सौदीत इकामा म्हणतात. सौदीत हा इकामा पोहोचल्यापासून नव्वद दिवसांत काढून देणे ही मालकाची जबाबदारी आहे. हे सगळे मालकाने करायचे असते. उमेदवार स्वतः जाऊन कामाचा परवाना विकत आणू शकत नाही. "फ्री व्हिसा" किंवा "आझाद व्हिसा" म्हणून जे लाख-दोन लाखांना विकले जाते, ते कुणा तिसऱ्याच्याच नावावरचे परमिट असते. एकाच्या परवान्यावर दुसऱ्याकडे काम करणे हाच तिथे गुन्हा आहे.

शिक्षकाला आणखी एक दार ओलांडावे लागते. नुसते मजूर खाते पुरत नाही, शिक्षणाच्या अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दुबईत खासगी शाळांवर के.एच.डी.ए. या संस्थेची देखरेख आहे, अबुधाबीत अडेकची, इतर बहुतेक अमिरातींत शिक्षण मंत्रालयाची. शाळेने निवडले तरी या कार्यालयाने कागद पाहून नाव मंजूर करावे लागते. म्हणून परवान्यावर हुद्दा काय लिहिला आहे ते नीट वाचावे. शिकवायला घेतात आणि कागदावर क्लार्क किंवा सेल्समन दाखवतात, असे प्रकार होतात. त्यात शिक्षण खात्याची मंजुरी टाळलेली असते. चार वर्षे शिकवूनही अनुभवाच्या दाखल्यावर शिक्षक हा शब्द येत नाही आणि दुसरी शाळा तो अनुभव धरत नाही.

कोणती पदवी चालते

आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या, म्हणजे सी.बी.एस.ई.च्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. तिथे आपल्या बी.ए. किंवा एम.ए. इंग्रजी आणि बी.एड.ला मान आहे. ब्रिटिश, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळदा इंग्लंड-अमेरिकेचेच शिक्षक मागतात. तो त्यांचा धंद्याचा हिशेब आहे, पालकांना गोरा मास्तर दाखवून फी जास्त घेता येते. त्यावर रागावण्यात वेळ घालवू नये. आपल्या मुलांनी आपल्या मालाची पेठ कोणती ते ओळखावे.

काही देशांत तर हा भेद नियमातच आहे. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी त्यांचा जो आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकांसाठी एक वाट ठेवली आहे, पण ती पात्रताधारक शिक्षकांसाठी आणि सहायक शिक्षक म्हणून. थायलंडमध्ये भारतीय शिक्षक आहेत, मात्र तिथेही नोकरीचा वेगळा व्हिसा आणि वेगळा वर्क परमिट लागतो. त्याशिवाय काम केले तर पाच हजार ते पन्नास हजार बाथ दंड आणि परतपाठवणी. थायलंडच्या नावाने बोलावून म्यानमारच्या हद्दीत नेऊन डांबल्याचे प्रकार झाले, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. त्या नोकऱ्या संगणकाच्या कामाच्या म्हणून सांगितल्या होत्या, पण जाळे तेच.

पदवीबद्दल दोन गोष्टी. टपालाने किंवा दूरस्थ पद्धतीने केलेल्या पदवीला काही देशांत समकक्षता मिळताना अडचण येते. पदवी तशी असेल तर नोकरी स्वीकारण्यापूर्वीच शाळेला लेखी कळवून विचारावे. आणि एकशेवीस तासांच्या टेफल कोर्सची जी जाहिरात होते, तो कोर्स बी.एड.ची जागा घेत नाही. तो जोडीला असावा, एवढेच. पदवीच नाही आणि टेफल आहे, अशा उमेदवाराने आखातातल्या शाळेची आशा धरू नये.

पदवीपासून वकिलातीपर्यंत

आपली पदवी खरी आहे हे परदेशाला पटवून देण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम राज्य सरकारची पडताळणी. शैक्षणिक कागदांसाठी ती राज्याच्या शिक्षण खात्याकडून होते. लोक तिला एच.आर.डी. म्हणतात. त्यासाठी बहुधा विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचा दाखलाही लागतो. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या संस्थांमार्फत घेते. इथे वाट दोन दिशांना फुटते. ज्या देशांनी हेगचा अपोस्टिल करार मान्य केला आहे त्यांना मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो, वकिलातीत जावे लागत नाही. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. ओमान २०१२ मध्ये आला, बहरीन २०१३ मध्ये, सौदी अरब डिसेंबर २०२२ मध्ये. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेतसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का घ्यावाच लागतो, आणि अमिरातीत पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा.

सौदीच्या बाबतीत पूर्वी सांस्कृतिक कार्यालय, मग वकिलात अशा लांब पायऱ्या होत्या. कोणी आजही त्या पायऱ्यांचे पैसे लावत असेल तर त्याला अपोस्टिलचे नाव घेऊन विचारावे. सरकारी फी फार नाही. मंत्रालयाचा साधा शिक्का फुकट आहे, अपोस्टिलचे पन्नास रुपये आहेत, वर नेमलेल्या संस्थेचे सेवाशुल्क. पुढे जी हजारांची बिले होतात ती वकिलातीच्या फीची आणि मधल्या दलालांची. दलाल घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, मालेगावच्या माणसाने तीन वेळा मुंबई करण्यापेक्षा दलाल स्वस्त पडतो. पण सरकारी फी किती आणि तुझी किती, हे दोन रकान्यांत लिहून घ्यावे.

एक बारीक गोष्ट. प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नयेत. आमच्या पिढीने मुलांची कागदपत्रे जपण्यासाठी सगळे प्लॅस्टिकमध्ये बंद करून टाकले. शिक्का मारायचा तो कागदाच्या पाठीवर. प्लॅस्टिकवर तो बसत नाही. लॅमिनेशन काढताना कागद फाटला की विद्यापीठातून दुसरी प्रत काढण्यात महिने जातात. दुसरे म्हणजे विद्यापीठाचे बदललेले नाव. जुन्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ किंवा पुणे विद्यापीठ असेल आणि आज नाव मोठे झाले असेल, तर त्यात बिघडत नाही. मात्र पडताळणीचा दाखला घेताना त्यात पूर्वीच्या नावाचा उल्लेख करून घ्यावा.

नावाचा घोळ

आमच्या समाजात सर्वांत जास्त फायली अडकतात त्या नावापायी. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख'चे स्पेलिंग एक, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. मोहम्मदचे तर पूर्ण, 'मोहद', 'एम.डी.' असे कितीतरी अवतार. उर्दू शाळेतल्या दाखल्यावरचे नाव इंग्रजीत उतरवताना कारकुनाने जे लिहिले ते जन्मभर चिकटते. आपल्याकडे कोणी विचारत नाही. परदेशी संगणकाला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटतात. उपाय आहे, पण तो वेळेवर करायला हवा : शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र. नोकरीचा प्रस्ताव हातात पडल्यावर ही धावपळ सुरू केली तर शाळा थांबत नाही. मुलगा बी.एड.ला असतानाच हे उरकून घ्यावे.

पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोन्ही रकाने भरलेले असावेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने एकच शब्द असलेल्या नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसाने येणाऱ्यांना मनाई केली होती. आपल्याकडे अशी एकेरी नावे बरीच आहेत, विशेषतः स्त्रियांची. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेला निकाहचा पुरावाही लागतो. काझीसाहेबांचा निकाहनामा आपल्या जागी आहे, परंतु परदेशी कार्यालयासाठी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली केलेली विवाहनोंदणी आणि तिचा दाखला चालतो. पुढे नवऱ्याला किंवा मुलांना बोलवायचे झाले तरी तोच दाखला, रीतसर शिक्क्यांसह, मागितला जातो.

आणखी एक गैरसमज. तीस वर्षांखालच्या मुलीला आखातात नोकरीसाठी जाता येत नाही, असे अनेक घरांत ठाम समजतात. ती अट ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्याला ईसीआर लागत नाही, मग दहावी उर्दू माध्यमातून असो की मराठी. शिक्षिका तर पदवीधर. तिच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नसला पाहिजे. जुन्या पासपोर्टवर चुकून असेल तर दहावीचा दाखला देऊन तो बदलून घ्यावा. मग एमिग्रेशन क्लिअरन्सचा प्रश्नच येत नाही. त्या क्लिअरन्सचे म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो जे काम लागतच नाही त्याचे पैसे मागतो आहे.

पोलिसांचा चारित्र्य दाखला शाळा मागतात. तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, फी पाचशे रुपये. पोलीस ठाण्याच्या साध्या पत्रावर भागत नाही.

तपासणीबद्दल सांगायला हवे, कारण आमच्या वस्त्यांचा तो दुखरा भाग आहे. रक्तात एच.आय.व्ही. निघाल्यास परवाना मिळत नाही. छातीच्या एक्स-रेत जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग असला तरी मान्यताप्राप्त केंद्र अपात्र ठरवू शकते. मागांच्या गल्ल्यांत धूळ आणि दाटी, क्षय कोणाला लहानपणी होऊन गेलेला असतो आणि घरच्यांच्या लक्षातही नसते. म्हणून पदवीच्या शिक्क्यांवर खर्च करण्याआधी चारशे-पाचशे रुपयांचा एक्स-रे आपल्या डॉक्टरकडून काढून पाहावा. डाग दिसला तर निदान पुढचा खर्च वाचेल.

पैसा कोणाचा

आता व्यापाऱ्याचा प्रश्न. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, स्पष्ट म्हटले आहे की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, थेटही नाही आणि आडवळणानेही नाही. सौदीच्या कामगार कायद्याच्या चाळिसाव्या कलमात भरतीची फी, इकामा आणि वर्क परमिटची फी, त्यांच्या नूतनीकरणाची फी आणि उशिराचा दंड हे सर्व मालकावर टाकले आहे. म्हणजे "व्हिशाचे दोन लाख" ही रक्कम कायद्यात कुठेच बसत नाही. उमेदवाराचा खर्च तो आपल्या कागदांचा.

इथल्या एजंटाची मर्यादाही ठरलेली आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही, आणि नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे एकूण ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. पावती द्यावी लागते. बिगर नोंदणीच्या एजंटाला त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दंड दोन हजारांपर्यंत. दोन हजार ही रक्कम वाचून हसू येते, त्यापेक्षा जास्तीचा माल आमच्या गुमास्त्याच्या हातून एका दुपारी भिजतो. पण फसवणुकीचे गुन्हे वेगळे लागतात, म्हणून पावती महत्त्वाची. एजंटाची नोंदणी आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत पाहता येते. नोंदणी क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नये.

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलासाठी चार माग विकले. मुलगा हुशार, इंग्रजी उत्तम. एका संस्थेत लहान मुलांना इंग्रजी शिकवायचे म्हणून व्हिजिटवर गेला. तीन महिने शिकवले, पगार एकाच महिन्याचा मिळाला. तक्रार करायला गेला तर कागदावर तो पाहुणा, नोकर नव्हे. शेवटी दंड भरून परत आला. त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले ते नंतर. माग विकण्याआधी त्यांनी प्रस्तावाचा कागद कोणालाही दाखवला नव्हता, कारण कागदच नव्हता, सगळे फोनवर ठरले होते. उधारीचा माल आपण कच्च्या चिठ्ठीवर तरी देतो. मुलगा त्याहून कमी लिखापढीवर पाठवला.

सही करण्यापूर्वी

अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव मजूर मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात असतो, आणि तो इंग्रजी-अरबीबरोबर उर्दू आणि हिंदीतही उपलब्ध आहे. तेव्हा वडिलांनी तो उर्दूत वाचावा, मुलाने इंग्रजीत. प्रस्तावात जे लिहिले आहे त्यापेक्षा कमी लाभ अंतिम करारात देता येत नाहीत. पाहायचे ते मूळ वेतन. एकूण पगार पाच हजार दिरहम आणि मूळ फक्त दोन हजार असेल, तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी दोन हजारांवर धरली जाते. ती पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. घर शाळा देते की भत्ता, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार आहे की नाही, वर्षाचे तिकीट आहे का, परीक्षाकाळ किती, हे विचारायला लाजू नये. अमिरातीत परीक्षाकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पासपोर्ट शाळेने आपल्याकडे ठेवून घेणे हे अमिरातीत आणि सौदीत दोन्हीकडे नियमाविरुद्ध आहे.

शिकवणीचा विषय निघतोच. भारतीय शिक्षक संध्याकाळी घरी ट्यूशन घेतात आणि त्यातून पगाराइतके मिळवतात असे ऐकिवात येते. परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. अमिरातीने डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा वेगळा परवाना सुरू केला आणि तो विनामूल्य ठेवला. शाळेतले शिक्षकही त्यासाठी अर्ज करू शकतात, पण आपल्या शाळेचा करार आधी पाहावा.

निघण्यापूर्वी सर्व कागदांच्या दोन प्रती घरी ठेवाव्यात, त्यात करार, प्रवेशपत्र आणि शाळेचा पूर्ण पत्ता असावा. एजंट, करार किंवा तिथली अडचण याबाबत सरकारकडे विचारणा करायची असेल तर परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी १८०० ११ ३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. जाताना एजंटाची पावती आणि प्रस्तावाची प्रत बरोबर न्यावी. तोंडी तक्रारीवर तिथे फारसे काही हलत नाही.